बिराजदार बाईंची हिमनदी

बिराजदार बाईंना जेवायला बोलावलं की आमटी गार व्हायची.

म्हणजे त्या उशिरा यायच्या असं नाही. यायच्या वेळेवर. हात धुऊन बसायच्या, भाताची मूद वाढून घ्यायच्या आणि मग त्या मुदीचा डोंगर व्हायचा. चमच्याच्या टोकाने डोंगराला एक चीर पाडून त्या वरून आमटीची बारीक धार सोडायच्या. "बघा ओ जगताप, उगमाजवळ कशी पळती. आता सपाटीला आली की वळणं घेणार." आमटी खरोखरच वळणं घ्यायची आणि ताटाच्या कडेला, लोणच्याच्या अलीकडे, तिला तीन-चार फाटे फुटायचे. "हा झाला त्रिभुज प्रदेश," बाई समाधानाने म्हणायच्या. हे सगळं होईपर्यंत आम्ही चमचे हातात धरून बसलेलो असायचो. शिकवणं चालू असताना खाणं बरं दिसत नाही.

एकदा माझे दोह्याजवळच्या लुसैलमधल्या ऑफिसातले साहेब आमच्याकडे जेवायला आले होते. त्यांनी पापड मागितला ही त्यांची चूक. बाईंनी एक पापड त्यांच्या हातात दिला, एक आपल्या हातात घेतला. म्हणाल्या, "तुम्ही आशिया. मी भारत. आता मी तुमच्यावर येऊन आदळते." हिमालय साहेबांच्या मांडीवर पडला. पुढे कितीही आग्रह केला तरी साहेब आमच्याकडे फक्त चहालाच आले.

बाई मूळच्या सोलापूरच्या. दोह्यातल्या एका भारतीय शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि मदिनत खलीफा ह्या वस्तीत आम्ही राहतो त्याच व्हिलाच्या मागच्या पोर्शनमध्ये एकट्या राहायच्या. भूगोलाच्या बाईंना नोकरी करायला ह्याहून अवघड देश शोधून सापडला नसता. कतारमध्ये नदी नाही. डोंगर नाही. धबधबा, दरी, जंगल, काही नाही. "समोर दाखवायला काय आहे? वाळू," बाई म्हणायच्या. "वाळवंटाचा धडा आला की पोरं खिडकीकडे बघतात आणि मला पुढं बोलायची गरज पडत नाही. बाकी सगळा भूगोल मला हातवारे करून शिकवावा लागतो."

म्हणून त्या मिळेल तिथे नदी तयार करायच्या. एका शुक्रवारी व्हिलातल्या मुलांना गोळा करून त्यांनी अंगणातल्या वाळूत बागेचा पाइप सोडला. नदी छान वाहिली, पण ती घरमालकाच्या गाडीखाली जायला लागली, तेव्हा आमचा नातूर, म्हणजे वॉचमन, धावत आला. "मॅडम, खलास, खलास, पानी बंद करो." बाईंनी त्याला दंडाला धरून गाडीच्या पुढ्यात उभं केलं. "तू धरण. हलू नकोस." तो बिचारा बराच वेळ पाय जुळवून उभा राहिला. मुलांनी टाळ्या वाजवल्यावर तो हसलासुद्धा.

बाईंचं बोलणं प्रश्नपत्रिकेतून आलेलं होतं. मी ऑफिसातून रात्री परतताना फाटकात भेटलो की विचारायच्या, "उशीर? कारणे द्या." केतकीने, म्हणजे माझ्या बायकोने, पडदे बदलले तेव्हा त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "जुने पडदे आणि नवे पडदे. फरक स्पष्ट करा." केतकीला ह्याचा राग यायचा. तिचं म्हणणं, शाळा सोडून आपल्याला पंधरा वर्षं झाली, आता घराच्या दारात परीक्षा कशाला? बाईंनी लग्न का केलं नाही असं तिने एकदा मुद्दाम विचारलं. बाई म्हणाल्या, "टीप लिहू, की एका वाक्यात उत्तर देऊ?" आणि दोन्ही न करता निघून गेल्या.

यंदा एप्रिलपासून बाई सकाळीही घरी दिसायला लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, "रजा शिल्लक आहेत." आम्ही दोघंही नोकरी करणारी माणसं. शिल्लक रजा ह्या गोष्टीचा हेवा वाटण्यापलीकडे आम्ही काही चौकशी केली नाही.

त्यानंतर आली बकरी ईद. ईदच्या सुट्टीत अर्धं दोहा जॉर्जियाला जातं. विमान थोड्या तासांचं, कतारचा रहिवासी परवाना असला की व्हिसा लागत नाही, आणि उतरल्यावर थंड वारा अंगावर येतो, हे सगळ्यात मोठं आकर्षण. आमच्या लग्नाचा वाढदिवस त्याच आठवड्यात होता. मी तिथल्या डोंगरातल्या मेस्तिया गावातली हॉटेलं बघून ठेवली होती. ही बातमी बाईंना कशी लागली ते कळलं नाही, पण एका संध्याकाळी त्या दारात उभ्या राहिल्या.

"जगताप, तुम्ही मेस्तियाला जाताय म्हणे. तिथं हिमनदी आहे. थोडं चाललं की हात लावता येतो, असं मी वाचलंय."

"असेल," मी म्हणालो.

"इतकी वर्षं शिकवली, कधी बघितली नाही. परवाना आहे तोवर बघून येते म्हणते. माझी खोली वेगळी, माझं जेवण वेगळं. गाडीत फक्त एक जागा द्या."

बाई काही मागायला आल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी हो म्हणून टाकलं. आत गेल्यावर केतकी म्हणाली, "अमोल, हा आपल्या लग्नाचा वाढदिवस आहे. शाळेची सहल नाही." कारणे द्या म्हणायची ती वेळ नव्हती.

तिबिलिसीच्या विमानतळावर आम्हाला न्यायला लेवान नावाचा ड्रायव्हर आला. धिप्पाड, दाढीवाला, मोजकं इंग्रजी बोलणारा. आम्ही गाडीत बसलो आणि पुढच्या सीटवरून बाईंनी मागे वळून हाक दिली, "जगताप?" मी सवयीने "हजर" म्हणून गेलो. "केतकी?" केतकी खिडकीबाहेर बघत "हं" म्हणाली. मग बाईंनी लेवानकडे पाहिलं. त्याने घाबरून लायसन्स काढलं.

मेस्तिया लांब आहे, दिवसभराचा रस्ता. तो बाईंनी दीड दिवसाचा केला. मैदान संपून डोंगर सुरू झाले आणि पहिली दरी दिसली तशी त्यांनी डॅशबोर्डवर छत्री आपटली. "स्टॉप. व्ही-शेप्ड व्हॅली." आम्ही उतरलो, दरी पाहिली, पुन्हा बसलो. पुढच्या वळणावर तीच दरी दुसऱ्या बाजूने दिसली, पुन्हा उतरलो. केतकीने कानात हेडफोन घातले ते काढले नाहीत. दुपारनंतर लेवानच्या संयमाचा बांध फुटला असावा असं मला वाटलं, कारण बाईंनी काही न म्हणता त्याने आपणहून गाडी कडेला घेतली. मी माफी मागायच्या तयारीत होतो. तो दरीकडे बोट दाखवून म्हणाला, "प्रोफेसर, ही पण व्ही?" बाईंनी काच खाली करून तपासलं. "व्हेरी गुड," त्या म्हणाल्या. त्यानंतर तो माणूस आमचा राहिला नाही.

तिथल्या हिमनदीचं नाव चालादी. नावातच 'चाला' आहे, तेव्हा गाडी वरपर्यंत जाणार नाही हे मी ओळखायला हवं होतं. मेस्तियापासून थोडं अंतर गाडीने, मग एक झुलता पूल, मग झाडीतून चढ. तरुण माणूस तासा-दीड तासात पोचतो म्हणतात. बाईंचा डावा गुडघा दुखरा होता. त्यांनी सुती साडी वर खोचली, खाली बूट, वर केतकीने नाइलाजाने दिलेलं जॅकेट, हातात छत्री, आणि त्या पुलावर चढल्या. पूल हलला. खालून राखाडी रंगाचं पाणी गर्जत चाललं होतं. बाई मध्यावर थांबल्या. मला वाटलं घाबरल्या.

"पाण्याचा रंग बघितला का?" त्या ओरडल्या. "दगडाचं पीठ आहे ते. बर्फानं दळलेलं."

मागे रांग लागली होती. दोह्याहून आमच्याच विमानाने आलेला फिलिपिनो नर्सेसचा एक घोळका, एक सौदी कुटुंब, लाल जॅकेट घातलेला एक उंच पोलिश माणूस आणि त्याची बायको. सगळ्यांनी वाकून पाण्याचा रंग बघितला. त्याशिवाय बाई पुढे हलतील असं दिसत नव्हतं.

चढावर त्या दर थोड्या वेळाने बसायच्या. मी म्हणालो, "बाई, गुडघा दुखत असेल तर इथूनच बघू या. झाडांतून दिसेल." त्या म्हणाल्या, "दिसायचं नाही मला. भेटायचंय." आणि उठल्या. लेवान गाडी खाली ठेवून आमच्याबरोबर आला होता. तो त्यांच्या मागून एक हात पुढे धरून चालत होता, पडल्या तर झेलायला.

झाडी संपली आणि दगडांचं रान सुरू झालं. घराएवढे दगड, पेटीएवढे दगड, नुसता चुरा. आणि त्याच्या पलीकडे हिमनदी.

आता खरं सांगतो. हिमनदी म्हणजे पांढरीशुभ्र, निळसर झाक असलेली, कॅलेंडरवर असते तशी, असं माझ्या डोक्यात होतं. समोर एक मळकट उतार होता. वर लांब शिखरांवर पांढरं काहीतरी चमकत होतं, पण जे आमच्यापर्यंत येऊन थांबलं होतं ते राखाडी, काळपट, अंगभर खडी आणि चिखल माखलेलं.

"हिमनदी कुठाय?" केतकीने हेडफोन काढून विचारलं.

"ही."

"ही? हे तर लुसैलच्या साइटवरचा भराव दिसतोय."

तिच्यासारखीच सगळ्यांची तोंडं उतरली होती. सौदी गृहस्थ फोनमध्ये जाहिरातीतला फोटो काढून समोरच्या दृश्याशी ताडून बघत होते. नर्सेसपैकी एकीने नाक मुरडलं. "एवढंच? आणि इतकी घाण?"

बाई वळल्या. आतापर्यंत त्या धापा टाकत होत्या, पण आता त्यांची पाठ सरळ झाली. छत्री जमिनीत रोवून त्या त्यांच्या शाळेच्या आवाजात म्हणाल्या, "गुड मॉर्निंग."

नर्सेसनी विचार न करता एका सुरात उत्तर दिलं, "गुड मॉर्निंग, मॅम."

मग जे झालं त्याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. तो वर्ग होता. बाई इंग्रजीत बोलत होत्या, मधूनच हिंदीत घसरत होत्या. ही घाण नाही, त्या म्हणाल्या. वरच्या डोंगराने अंगावर टाकलेले दगड घेऊन ही इथवर आली आहे. कामाचे कपडे आहेत हे, मळणारच. पांढरी शिखरं बसून आहेत, ही सरकते आहे. आता, आपण बोलतोय तेव्हासुद्धा.

"प्रत्यक्ष दाखवते," त्या म्हणाल्या. सौदी गृहस्थांना आणि लेवानला त्यांनी समोरासमोर उभं केलं, ते दोन डोंगर. नर्सेस म्हणजे बर्फ. त्यांनी एकमेकींना चिकटून ह्या दोघांच्या मधून अगदी सावकाश सरकायचं आणि वाटेतल्या सगळ्यांच्या पाठपिशव्या पायाने पुढे ढकलत न्यायच्या. बर्फ हसायला लागला तेव्हा बाईंनी दटावलं, "आइस डज नॉट गिगल." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"केतकी, तू दगड. ह्यांच्या मधोमध उभी राहा. त्या नेतील तिकडं जायचं."

मी डोळे मिटून घेतले. तीन दिवस धुमसत असलेली माझी बायको आता काय बोलेल ह्याची मला कल्पना होती. पण डोळे उघडले तर ती नर्सेसच्या घोळक्यात हात बांधून उभी होती आणि दोन डोंगरांच्या मधून सरकत होती. सौदी गृहस्थांच्या पत्नी फोनवर चित्रण करत होत्या. बाईंच्या खुणेवर बर्फ वितळला, म्हणजे नर्सेस पांगल्या, आणि केतकी एकटीच उभी राहिली.

"बघा," बाई म्हणाल्या. "बर्फ गेला. दगड राहिला. आता आजूबाजूला त्याच्या जातीचा एकही दगड नाही. पुढं कुणीतरी येतो आणि विचारतो, हा इथला नाही, हा आला कुठून?"

एवढ्यात त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं. पोलिश माणूस वर्ग सोडून बर्फाच्या अगदी तोंडाशी गेला होता, जिथून पाणी बाहेर पडत होतं, आणि पाठमोरा उभा राहून स्वतःचा फोटो काढत होता. त्याची बायको त्याला हाका मारत होती आणि तो हात हलवत होता.

"यू. रेड जॅकेट. कम बॅक," बाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या.

तो माणूस फोन खिशात टाकून निमूटपणे परत आला. तो आमच्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच मागे खडखडाट झाला. वरच्या बर्फातून सुटलेले दगड घरंगळत आले आणि तो उभा होता तिथे जाऊन आदळले. मोठे नव्हते, पण डोक्यात बसायला पुरेसे होते. लेवानने छातीवर क्रूसाची खूण केली. पोलिश माणूस पांढरा पडला होता. मागे वळून त्या दगडांकडे बघत म्हणाला, "मी शाळेनंतर कुणाचंच ऐकलेलं नाही. आज कसा आलो, मला कळत नाही."

"कळायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "बसा पुढच्या रांगेत."

बाईंनी उरलेला भाग पूर्ण केला. छत्रीने चिखलात आकृती काढली, नावं दिली, बाण दाखवले. शेवटी विचारलं, काही शंका? नाक मुरडलेल्या नर्सने हात वर केला. "मॅम, हे परीक्षेला आहे का?" सगळे हसले. बाईही हसल्या. मग त्यांनी छत्री मिटली आणि म्हणाल्या, "दॅट्स ऑल. थँक यू, क्लास."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्याबरोबर फोटो काढले आणि हळूहळू पांगले. बाई बर्फाच्या एका सुरक्षित कडेपाशी गेल्या, जिथे लेवानने बोटाने दाखवलं तिथे. त्यांनी तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. बराच वेळ. मग पाण्याच्या काठी एका सपाट दगडावर येऊन बसल्या. केतकीने थर्मासमधला चहा ओतून त्यांच्या हातात दिला.

काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "बाई, शाळेत तुमची मुलं नशीबवान आहेत. रजा कधी संपते?"

"रजा नाही ओ," बाई म्हणाल्या. "मार्चमध्ये साठ झाली. रिटायर झाले मी. ह्या महिन्याअखेर परवाना संपतो. मग सोलापूर."

"आम्हाला सांगितलं का नाहीत?" केतकीने विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही केक आणला असता." बाईंनी चहाचा घोट घेतला. "हिमनदीचा धडा मी नेहमी शेवटाला ठेवायची. वर्ष संपताना बाहेर ऊन तापायला लागतं, तेव्हा पोरांना बर्फ शिकवायचा. यंदा शेवटचे दोन आठवडे नव्या मॅडमना दिले. हँडओव्हर. चांगली आहे पोरगी, व्हिडिओ दाखवते छान. मी स्टाफरूममध्ये बसून होते. तेवढा धडा राहिला."

वरून पुन्हा थोडी खडी घसरली. बाईंनी तिकडे पाहिलं आणि पुन्हा पाण्याकडे.

"माझी थोरली बहीण सोलापुरात मास्तरीण होती. ती भाजीला गेली की लवकर परत येत नाही. रिक्षावाला तिचा विद्यार्थी, बँकेत तिचा विद्यार्थी, दात काढणारा डॉक्टर तिचा विद्यार्थी. सगळे वाटेत थांबवतात. ती कुरकुरते, पाय दुखले म्हणते. माझी पोरं बारावी झाली की गेली. पुणे, कोची, कॅनडा, मेलबर्न. परत कशाला येतील? ते त्यांचं गावच नव्हतं. इतक्या वर्षांत दोह्याच्या बाजारात मला एकानंही मागून हाक मारली नाही. आणि सोलापुरात मला कोण ओळखतंय?"

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. नकाशावर एखादं ठिकाण दाखवावं तसं सांगितलं. लेवानला मराठी कळत नव्हतं, तरी तो उठून थोडा लांब जाऊन उभा राहिला.

उतरायला उशीर होत होता, पण कुणी उठलं नाही. केतकी बाईंच्या पायाशी ओल्या वाळूवर बसली होती. तिने एक काडी उचलली आणि वाळूत एक रेघ ओढली, आमच्या समोरच्या प्रवाहासारखी.

"बाई, हे पाणी शेवटी कुठं जातं?"

"काळ्या समुद्राला."

"आणि वाटेत?"

बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. ही आपल्याला बरं वाटावं म्हणून विचारते आहे, की हिला खरंच जाणून घ्यायचं आहे, हे तपासत असाव्यात. केतकी काडी टेकवून थांबली होती. पुढे काय काढायचं ते तिला माहीत नव्हतं.

बाईंनी चहाचा कप बाजूला ठेवला, दुखरा गुडघा सावरत खाली वाकल्या आणि काडी धरलेल्या तिच्या हातावर आपला हात ठेवला.

"इथं दुसरी नदी येऊन मिळते," त्या म्हणाल्या. "तिला जागा सोड."